खालापूरचा सुपरकॉम्प्युटर

आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात एक सुपरकॉम्प्युटर होता. अडीच महिने होता. तो तिथे मी बसवला आणि मीच काढला. दोन्ही वेळा मी कागदाशिवाय कशालाही हात लावला नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या तरुण संपादकांना माझ्या नोकरीचा जन्मापासूनचा इतिहास हवा होता. मी म्हटलं, त्यात काही राम नाही. कर्जतजवळच्या दहिवलीची मुलगी, बाप भातशेतीवाला, मुलीला गणित बरं जमतं म्हणून मास्तरांनी कॉलेजात घालायला लावलं, संख्याशास्त्राची पदवी घेतली, आणि मुंबईला फोर्टात एका खाजगी कचेरीत चिकटले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच, रोज घरून लोकलने जाऊन-येऊन. झाला इतिहास. सांगण्यासारखं आहे ते एवढंच, की मी जे काम केलं ते जवळपास कुणी करत नव्हतं, आणि त्यात मी एकदा अशी चूक केली की आठवली तर अजून कान गरम होतात.

आमच्या कचेरीचे मालक दस्तूर साहेब. वृत्तीने सज्जन, बोलायला मऊ, आणि आपल्या कामाचा अभिमान एवढा की नाकापेक्षा मोती जड. आमची कचेरी दर डिसेंबरला एक जाडजूड यादी छापायची. देशात कुठे कुठे कॉम्प्युटर आहेत, कुठल्या जातीचे, केव्हा बसवले, कशासाठी वापरतात, ही ती यादी. मशिनं विकणाऱ्या कंपन्या ती विकत घ्यायच्या, सरकारी खाती घ्यायची, परदेशातली काही नियतकालिकंही घ्यायची. पहिली काही वर्षं माझ्याकडे लहानसहान मशिनं होती. पुढे ऐंशी साल उलटल्यावर साहेबांनी माझ्याकडे सगळ्यात वरचा तक्ता दिला. तो सुपरकॉम्प्युटरचा.

सुपरकॉम्प्युटर म्हणजे त्या त्या वेळचं जगातलं सगळ्यात वेगवान मशीन. हवामानाचा अंदाज, जमिनीतलं तेल, अणूची गणितं, असल्या राक्षसी आकडेमोडीसाठी ते लागायचं. जगात मोजकीच. अमेरिकावाले बनवायचे, मागून जपानी उतरले होते. आपल्याकडे येणार, येणार अशी नुसती बोलवा. त्यामुळे माझ्या तक्त्यात परदेशाची पानंच्या पानं असायची आणि भारताच्या पानावर मी वर्षानुवर्षं एक आडवी रेघ मारायची. त्यातही गंमत अशी, की सुपर कुणाला म्हणायचं हे दरवर्षी बदलायचं. गेल्या वर्षीचा सुपर यंदा नुसता मोठा, आणि पुढल्या वर्षी कुणी विचारत नाही. माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे.

आईला माझं काम कधी कळलं नाही. एकदा तिने भात पाखडता पाखडता विचारलं, “मशिनी मोजतेस तर त्या बघितल्यास तरी का गं?” मी म्हटलं, नाही बघितल्या. ती म्हणाली, “मग मोजतेस कशा?” प्रश्न अगदी रास्त होता.

तर मोजायच्या कशा, ते सांगते. मोठ्या मशिनीचा मालक सहसा कुणाला आत घेत नाही. मग बाहेरच्या खुणा बघायच्या. एक खूण आमचा फॉर्म. दरवर्षी आम्ही शेकडो संस्थांना छापील फॉर्म पाठवायचो, त्यातले निम्मे परत यायचे. दुसरी खूण आयातीच्या जाहीर नोटिसा. तिसरी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती, कारण मशीन आलं की ते चालवणारी माणसं लागतात. आणि माझी लाडकी खूण म्हणजे थंडावा. मोठं मशीन भट्टीसारखं तापतं, त्याला गार ठेवायला चांगले दणकट एसी लागतात. एसी बसवणाऱ्याला विचारलं की तो बिचारा अभिमानाने सगळं सांगतो, त्याच्याकडून कुणी गुप्ततेची शपथ घेतलेली नसते. मी नियम केला होता, एका खुणेवर मशीन धरायचं नाही. दोन खुणा जुळल्या तरच यादीत. या नियमाचा मला फार अभिमान होता आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

लोक मात्र यादीत यायला काय काय करायचे. एका कंपनीचा विक्रेता पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्याचं मशीन मी ‘मोठे’ या वर्गात टाकलं होतं, ते ‘सुपर’मध्ये घ्या म्हणून गळ घालत होता. पेढे मी सगळ्या कचेरीत वाटले आणि मशीन होतं तिथेच ठेवलं. तो जाताना म्हणाला की तुमच्यासारखी बाई बघितली नाही. नेरळच्या एका ज्योतिषाचं तर रागाचं पत्र आलं. त्याने दुकानावर सुपर कॉम्प्युटर भविष्य अशी पाटी लावली होती आणि यादीत त्याचं नाव नाही म्हणून धंद्याची बदनामी झाली, असं त्याचं म्हणणं. मी उलट टपाली कळवलं की आपलं नाव यादीत येणार की नाही हे आपल्यालाच आधी कळायला हवं होतं. त्याचं पुन्हा पत्र आलं नाही.

अशी मी. दुसऱ्याच्या पेढ्याला न भुलणारी, दोन खुणांवाली. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात माझ्या टेबलावर खालापूरहून आलेला एक फॉर्म पडला.

खालापुरात नद्यांचं पाणी मोजणारी एक छोटी सरकारी कचेरी होती. सरकारी कचेऱ्यांची एक जुनी यादी हाताशी होती, तिच्यातल्या सगळ्यांना फॉर्म गेले, त्यात हिलाही गेला. फॉर्म इंग्रजीत. तुमच्याकडे किती कॉम्प्युटर आहेत, जात लिहा, असा प्रश्न. त्यापुढे सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: एस. कॉम्प्युटर एक, जे. कॉम्प्युटर तीन. बसवल्याचं साल, अठ्ठावन्न. रोज किती तास चालतो, तर साडेदहा ते साडेपाच.

आता तुम्ही हसाल. पण माझ्या जागी बसून बघा. रात्रंदिवस परदेशी नियतकालिकं वाचून माझ्या डोक्यात एस म्हटलं की सुपर आणि जे म्हटलं की जपानी, असं पक्कं बसलं होतं. अठ्ठावन्न साल वाचून मी स्वतःशी हसले. अठ्ठावन्न साली कुठला आलाय सुपर. म्हटलं, कारकुनाने पाच आणि आठ उलटे लिहिले, पंच्याऐंशी म्हणायचं असणार. आमच्या धंद्यात याला आकडे साफ करणं म्हणतात. मी तो साफ केला. तासांचं म्हणाल, तर सरकारी मशीन आहे, सरकारी वेळेत चालत असेल.

शिवाय डोक्यात तर्काची गाडी सुटली होती. नद्यांचं पाणी म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे हवामान, आणि हवामान म्हटलं की सुपर, हे तर जगभरच्या तक्त्यात होतं. तरी मी नियम मोडला नाही. दुसरी खूण शोधायला एका शनिवारी खोपोलीला गेले. तिथे एसी बसवणारा एक दुकानदार होता. त्याने सांगितलं, खालापूरला त्या पाणीवाल्या कचेरीच्या मागच्या अंगाला गेल्याच वर्षी दोन दांडगे एसी बसवलेत, दिवसरात्र चालू असतात. झालं. खुणा दोन झाल्या.

खोपोलीहून खालापूर एसटीने पंधरा-वीस मिनिटं. जाऊन नुसतं खिडकीतून डोकावले असते तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण पावसाने उघडीप दिली होती, ऊन मरणाचं होतं, समोरून एसटी सुटली, मी रसवंतीवर बसून दोन ग्लास रस प्यायले आणि घरी आले. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी उसाचा रस पीत केली आहे.

दस्तूर साहेबांना मी फॉर्म दाखवला तेव्हा ते खुर्चीतून उठले. गुप्त प्रकल्प असणार, म्हणाले, म्हणूनच खालापूर निवडलं. त्यांनी स्वतः मजकूर तपासला. डिसेंबरच्या यादीत भारताच्या पानावर माझ्या रेघेच्या जागी एक आकडा आला, एक. रायगड जिल्हा, सरकारी कचेरी, नद्यांच्या पाण्याची मोजणी. त्या अंकाचा खप कधी नव्हे एवढा झाला. परदेशातून दोन पत्रं आली, मशीन कुणी बनवलं ते कळवा म्हणून. साहेबांनी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं की ते सांगायची आम्हाला मुभा नाही. आणि मी? मी फुलून गेले होते. आपल्या पलीकडच्या तालुक्यात देशातला पहिला सुपर, आणि तो शोधला दहिवलीच्या पोरीने.

जानेवारी संपत आला असताना एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, जाड काचांचा चष्मा, काखेत कागदाचं पाकीट. नाव सांगितलं ठोंबरे, खालापूरच्या पाणीमोजणी कचेरीतून आलो, तुमच्या फोर्टातल्या कचेरीतून पत्ता काढला, म्हणाले. मी त्यांना मोठ्या सन्मानाने ओटीवर बसवलं, चहा टाकला. मनात म्हटलं, मशीन सांभाळणारा माणूस दिसतोय, आता सगळी माहिती मिळणार.

ठोंबऱ्यांनी पाकिटातून आमच्या यादीचं पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, “ताई, हे तुमी लिवलंय ना?”

मी हो म्हटलं.

“मग एक सांगतो, रागावू नका. हा जो सुपर कॉम्प्युटर तुमी छापलाय, तो मीच हाय.”

मी म्हटलं, म्हणजे? मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. त्यांच्या खात्यात आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नावच कॉम्प्युटर. जुन्या काळापासूनचं. एस म्हणजे सीनियर, ते स्वतः, अठ्ठावन्न साली लागलेले. जे म्हणजे ज्युनियर, हाताखालचे तिघं. फॉर्ममध्ये किती कॉम्प्युटर विचारलं, तर त्यांनी होते तेवढे लिहिले. बसवल्याचं साल विचारलं, तर कधी खुर्चीवर बसवलं ते लिहिलं. आणि ते दोन एसी कचेरीचे नव्हतेच. कचेरीच्या मागच्या बाजूला कोंबड्यांची पिल्लं काढायचं एक केंद्र होतं, त्यांच्या अंड्यांच्या खोलीचे होते.

मला हसू फुटलं. आवरेचना. डोळ्यांतून पाणी आलं हसून. ठोंबरे मात्र हसत नव्हते. माझं हसू ओसरेपर्यंत ते चहाचा कप हातात धरून बसले, आणि मग त्यांनी पाकिटातून दुसरा कागद काढला.

तो त्यांच्या मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आलेला होता. त्यांच्याकडचे तीन ज्युनियर कॉम्प्युटर हंगामी. दर फेब्रुवारीअखेर त्यांच्या जागांना एकेक वर्षाची मुदतवाढ यायची. यंदा तिथल्या कुणा साहेबाने आमची यादी वाचली होती आणि शेरा मारला होता की आपल्या कचेरीत सुपर कॉम्प्युटर बसवल्याचे छापील आकडेवारीवरून दिसते, तरी हंगामी माणसांची गरज काय, याचा खुलासा करावा. ठोंबऱ्यांनी खुलासा पाठवला, असं काही मशीन इथे नाही. त्यावर उत्तर आलं की मग छापलं कसं? त्यांच्या शब्दापेक्षा छापील शब्द खरा ठरला होता. शेरा मारणारे साहेब कधी खालापूरला गेले नव्हते. पण त्यांना नावं ठेवायला मी कोण, मी तरी कुठे गेले होते?

तिघांपैकी भोईर आणि कदम तरुण होते, दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेले. तिसरी सुशीला, लोधिवलीची. तिची नऊ वर्षं झाली होती. दहा वर्षं सलग भरली की माणूस कायम, असं त्यांच्याकडे होतं. पण फेब्रुवारीअखेर हुकूम आला नाही, तर एक तारखेपासून सेवेत खंड पडणार आणि नऊ वर्षं पुसली जाणार. पुन्हा घेतलंच तर पहिल्यापासून सुरुवात. नवरा कारखान्यात हात गमावून घरी बसलेला, घर तिच्यावर.

ठोंबरे म्हणाले, “मला बाकी काय नको, ताई. एक कागद द्या. कॉम्प्युटर म्हंजे मानूस, एवढं लिवून द्या.”

मी म्हटलं, उद्याच देते. एवढं साधं काम.

कसलं साधं. दुसऱ्या दिवशी दस्तूर साहेबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी यादी उघडून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, पुढच्या डिसेंबरच्या यादीतून गुपचूप काढून टाकू. मी म्हटलं, साहेब, डिसेंबरला त्या बाईला काय उपयोग, तिची मुदत फेब्रुवारीत संपते. ते म्हणाले, आपण विकतो ते काय, तर भरवसा. परदेशात पत्रं गेलीत. आज आपण लिहून दिलं की आम्ही माणसाला मशीन धरलं, तर उद्या यादीतल्या प्रत्येक ओळीवर लोक बोट ठेवतील. त्यांचंही चुकीचं नव्हतं. कचेरीत आम्ही अकरा माणसं होतो, तीही त्यांनीच पोटाला लावलेली. पण मला राग आला, आणि माझा राग वाईट. मी म्हटलं, चूक माझी, मग निस्तरू दे ना मला. ते म्हणाले, कचेरीच्या कागदावर नाही.

मी रजा टाकली आणि खालापूरला गेले. जे सहा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते केलं.

कौलारू कचेरी, एक लांब टेबल, त्याभोवती चार खुर्च्या. नदीनाल्यांवर ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजायच्या पट्ट्या रोवलेल्या असतात. कोंडाण्याच्या ओढ्यापासून पाताळगंगेपर्यंतच्या नोंदी कार्डांवर लिहून या टेबलावर यायच्या. पातळीवरून किती पाणी वाहून गेलं ते काढायचं, हे यांचं काम. कोष्टकांची पुस्तकं आणि हाताने मूठ फिरवायचं एक जुनं गणनयंत्र, एवढीच आयुधं. प्रत्येक उत्तर दोघांनी वेगवेगळं काढायचं, जुळलं तरच वहीत चढवायचं. मला एकदम आपलंच घर बघितल्यासारखं वाटलं. इथेही दोन खुणांचा नियम होता, फक्त हे लोक तो खरोखर पाळत होते.

सुशीला बारीक अंगाची, कपाळाला आठी, बोटांना शाई. तिला वाटलं होतं मी रागावायला आले. मी माफी मागितली तर ती गडबडली, म्हणाली, चूक कोनाचीबी व्हते. मग मी बसले आणि दिवसभर ते चौघं काय करतात ते लिहून घेतलं, तपशिलाने, कारण मला असं पत्र लिहायचं होतं की मशीन नाही, माणसंच आहेत, याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात शंका उरू नये. एका नाल्याच्या एका महिन्याच्या नोंदींना चार दिवस लागतात, हे लिहिलं. पूर आला की तिघं जेवण सोडून बसतात, हेही लिहिलं.

निघताना सुशीलाने विचारलं, “ताई, तो खरा सुपर कॉम्प्युटर हे आमचं काम किती वेळात करतो?”

मला उत्तर ठाऊक होतं. माझ्या तक्त्यातच होतं. तिचे चार दिवस म्हणजे त्याला पापणी लवायच्या आतलं काम. मी म्हटलं, “वेळ लागतो. आधी त्याला सगळं समजावून सांगावं लागतं.” ती म्हणाली, हां, मग आमच्यासारखाच हाय की. आणि पुन्हा कार्डांकडे वळली.

पत्र मी आमच्या कचेरीच्याच कागदावर टाइप केलं. साहेबांना न विचारता. जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना. खाली माझी सही, आणि सहीखाली लिहिलं, तक्ता तयार करणारी. असा हुद्दा आमच्याकडे नव्हता, पण खोटंही नव्हतं. टपालाने पाठवलं तर फायलीत महिनाभर झोपेल, म्हणून हातात घेऊन त्यांच्या मुख्य कार्यालयात गेले आणि तो शेरा मारणाऱ्या साहेबांना भेटल्याशिवाय हलायचं नाही म्हणून बाकावर बसले. दोन दिवस तशीच बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आत बोलावलं.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, “म्हणजे तुमची यादी चुकीची आहे.”

“ही ओळ चुकीची आहे.”

“बाकीच्या बरोबर कशावरून? तुम्ही स्वतः किती मशिनं पाहिलीत?”

आईचाच प्रश्न होता. मी म्हटलं, “सुपर एकही नाही.”

त्यांनी चष्मा परत चढवला. मला वाटलं, आता हाकलणार. पण ते म्हणाले, निदान खरं बोलता. पत्र ठेवून जा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तिघांचीही मुदतवाढ आली. ठोंबऱ्यांनी वालाच्या शेंगांची गोणी माझ्या घरी पाठवली, गल्लीभर वाटून, मडक्यांत शेंगा भाजून पोपट्या झाल्या. दस्तूर साहेबांना पत्राचं कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझे कागद न बघताच परत पाठवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने शुद्धिपत्र लिहिलं आणि छापून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं. परदेशातल्या एका नियतकालिकाने ते चौकटीत टाकून आमची यथेच्छ टर उडवली. कर्जतच्या बाजारातही बातमी पोचली. वाणी मला सुपरताई म्हणायला लागला. पण गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. साहेब म्हणाले, चूक कबूल करणारी यादी लोकांना बहुधा पहिल्यांदाच भेटली.

इथे थांबले असते तर गोष्ट किती बरी झाली असती. मीही वर्षभर याच समजुतीत होते की आपण चार माणसांचं भलं केलं. पुढच्या वर्षीही मुदतवाढ बिनबोभाट आली. सुशीलाची दहा वर्षं भरली, ती कायम झाली. ठोंबरे मुद्दाम येऊन सांगून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी ठोंबरे पुन्हा आले. या वेळी पाकीट नव्हतं. ओटीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की कचेरीत मशीन येतंय. छोटं, टीव्हीएवढं. मुख्य कार्यालयाने मंजूर केलं. खरेदीच्या फायलीची नक्कल त्यांच्याकडे आली होती आणि तिच्यात गरजेचा पुरावा म्हणून एक पत्र जोडलं होतं. माझं. एका नाल्याच्या एका महिन्याला चार दिवस लागतात, या ओळीखाली कुणीतरी लाल पेन्सिलने रेघ मारली होती. ती माणसं आहेत हे पटावं म्हणून मी त्यांचे कष्ट मोजून लिहिले होते. वाचणाऱ्याला ते पटलं. ती किती हळू आहेत, तेही पटलं.

मी म्हटलं, ठोंबरे, हे मी केलं. ते म्हणाले, नाय ताई, ते येनारच होतं, आज नाय तर उद्या. माणूस चांगला होता म्हणून असं म्हणाला. येणार होतं हे खरं, पण चार-पाच वर्षांनी आलं असतं. तोवर ती दोन पोरंही दहाच्या जवळ पोचली असती. हा हिशेब मी कितीदा केलाय, आणि दरवेळी उत्तर तेच येतं.

पुढच्या फेब्रुवारीत भोईर आणि कदमांची मुदतवाढ आली नाही.

मी जायचं टाळत होते. एप्रिलमध्ये गेले. लांब टेबल तेच होतं, खुर्च्या दोन. ठोंबरे गावोगावच्या पट्ट्या तपासायला बाहेर गेले होते. सुशीला मशिनीसमोर बसून एका बोटाने कळा दाबत होती. तिला आठवडाभर शिकवून आणलं होतं. मला बघून उठली, खुर्ची पुढे केली, काम कसं चालतं ते दाखवलं. चांगलं जमत होतं तिला. मी भोईर-कदमांचं विचारलं. भोईर खोपोलीला एका दुकानात वजनं करतो, म्हणाली, आणि कदम गावी गेला, त्याचं काय कळत नाय.

मग तिने तिच्या टेबलावरून आमच्या कचेरीचा त्या वर्षीचा फॉर्म उचलला. भरून तयार होता. कॉम्प्युटर, एक. खाली कंसात लिहिलं होतं, यंत्र. म्हणाली, या खेपेला नीट लिवलंय, बघून घ्या. मी बघून घेतलं. फॉर्म माझ्या पर्समध्ये ठेवत होते तेव्हा तिने विचारलं.

“ताई, मागं तुमी आमाला मशीन म्हनून मोजलंत. आता मशीन मोजाल. मग ते दोघं कुठं मोजले?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं की एवढ्या जाड यादीत कुठेतरी असतील. मी म्हटलं, “कुठेच नाही, सुशीला.”

ती म्हणाली, बरं. आणि चहा सांगायला बाहेर गेली. डिसेंबरच्या यादीत, लहान मशिनांच्या तक्त्यात, मी रायगड जिल्हा, खालापूर यापुढे एक लिहिला. दोन्ही खुणा जुळत होत्या. मशीन मी स्वतः पाहिलं होतं.